रस्ता आडवा मोजा

माझी आई दर गुरुवारी भजनाला जायची. सिंहगड रोडच्या पलीकडे, आमच्या इमारतीच्या जवळजवळ समोरच एक लहानसं दत्तमंदिर आहे. त्याच्या मागच्या खोलीत सात-आठ बायका जमतात, टाळ वाजवतात, चहा पितात, सुनांबद्दल बोलतात आणि घरी येतात. आमच्या गच्चीवरून त्या मंदिराचा कळस दिसतो. वारा इकडचा असला तर टाळही ऐकू येतात.

गेल्या पावसाळ्यापासून आई जात नाही. का, विचारलं तर म्हणते, "अगं, गुडघे दुखतात." बरेच दिवस मी ते खरं मानलं. मग लक्षात आलं की हेच गुडघे घेऊन ती रोज संध्याकाळी आमच्या बाजूच्या गल्ल्यांमधून अर्धा तास फिरते. लिफ्ट बंद असली की तीन जिने चढते. गुडघे फक्त गुरुवारी दुखतात.

एका गुरुवारी मी म्हटलं, चल, मी येते सोबत. आम्ही रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहिलो. पूर्वी समोरच दुभाजकात एक फट होती, तिथून माणसं ये-जा करायची. ती आता बंद आहे. सिग्नलपर्यंत जायचं तर तिच्या चालीने दहा मिनिटं आणि पलीकडून परत दहा मिनिटं. म्हणून थोडं पुढे, जिथे गाड्या वळतात तिथे उभ्या राहिलो. आईने हात वर केला. एक पाऊल टाकलं. मागे घेतलं. पुन्हा टाकलं. एक दुचाकीवाला तिला चुकवत ओरडून गेला, "ओ आजी, मरायचंय का?" आईने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "राहू दे गं. घरी जाऊ."

तो मुलगा वाईट होता असं मला वाटत नाही. त्याला कामावर पोचायचं असणार. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. गेली कित्येक वर्षं मी या शहराच्या रस्त्यांबद्दल बोलतेय, वाचतेय, भांडतेय. आणि या सगळ्या बोलण्यात माझ्या आईचा रस्ता एकदाही आला नव्हता. कारण आपण सगळे रस्ता उभा मोजतो. तो आडवाही असतो, हे आपण विसरून गेलोय.

*

म्हणजे काय, ते सांगते.

पुण्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न, "किती वेळ लागला?" धायरीहून स्वारगेट पाऊण तास. हिंजवडीहून कोथरूड सव्वा तास. बातम्या येतात त्या कोंडीच्या. घोषणा होतात त्या उड्डाणपुलांच्या. मोबाइलवर नकाशा उघडला की रस्ता म्हणजे एक रेघ, आणि रेघेला लांबी असते, रुंदी नसते. ती लाल झाली की शहर आजारी आहे, हिरवी झाली की बरं आहे.

आता कडेला उभी असलेली माझी आई आठवा. रेघ हिरवी असते, म्हणजे गाड्या सुसाट असतात, तेव्हा तिला रस्ता ओलांडता येत नाही. रेघ लाल असते, गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, तेव्हा त्यांच्या मधून वाट काढत ती पलीकडे जाऊ शकते. तुमच्या मोबाइलला जो रस्ता निरोगी वाटतो तो तिच्यासाठी बंद असतो, आणि ज्याला आपण कोंडी म्हणतो तेव्हा तो तिच्यासाठी उघडतो. एकाच रस्त्याबद्दल दोन उलट खऱ्या गोष्टी. त्यातली एकच बातमी होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: रस्ता चांगला की वाईट हे ठरवायचं असेल तर तो आडवा मोजा. या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला सत्तरीच्या बाईला किती वेळ लागतो आणि किती भीती वाटते, हे आधी बघा. मग बाकीचं.

ही मोजपट्टी घेऊन मी काही दिवस पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या रस्त्यांवर फिरले. जवळ फक्त मोबाइलमधलं स्टॉपवॉच होतं. यातून शास्त्रीय असं काही सिद्ध होत नाही. पण जे रस्ते मला चांगले वाटायचे त्यातले काही वाईट निघाले, आणि ज्यांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या त्यातल्या एका-दोघांची माफी मागावीशी वाटली.

*

पहिली माफी लक्ष्मी रोडची.

लक्ष्मी रोडवर गाडी घालणं म्हणजे शिक्षा, हे पुण्यातल्या कुणालाही विचारा. साड्यांची दुकानं, सराफ, दिवाळीच्या आधीची गर्दी, पार्किंगचा तर विषयच नको. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आले. पण आईला तिथे घेऊन गेले तर ती मोकळी सुटली. डावीकडे साडी बघितली, भाव आवडला नाही, पलीकडे गेली. तिथून परत अलीकडे. तुळशीबागेच्या तोंडाशी पिशवी विसरल्याचं आठवलं, पुन्हा मागे. तासाभरात तिने तो रस्ता सात वेळा ओलांडला. एकदाही माझा हात धरला नाही.

असं का होतं? रस्ता फार रुंद नाही, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे वाहतूक हळू चालते, कारण माणसं इतकी आहेत की गाडीवाल्याला पाय ब्रेकवर ठेवूनच यावं लागतं. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: तिथला धंदाच आडवा आहे. समोरासमोरच्या दुकानांत गिऱ्हाईक ये-जा करतं म्हणून बाजार चालतो. मधे दुभाजक घालून गाड्या सुसाट सोडा, निम्मा बाजार बसेल.

जुन्या पेठांमधल्या चौकांची नावं बघा. सोन्या मारुती, उंबऱ्या गणपती, पासोड्या विठोबा. माणसं जिथे थांबायची, हात जोडायची, वळायची, त्या जागांची ही नावं आहेत. मी जुन्या पुण्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी नाही. वाड्यांमधली अंधारी बिऱ्हाडं आणि सामायिक संडास मला परत नकोत. पण त्या रस्त्यांना एक गोष्ट येत होती, जी आपल्या नव्या रस्त्यांना येत नाही. ते दोन बाजूंना जोडत होते.

दरवर्षी गणेश विसर्जनाला याच लक्ष्मी रोडवरून मानाचे गणपती जातात. मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. तेवढा वेळ शहराच्या मध्यातले मोठे रस्ते वाहनांना बंद असतात आणि लाखो माणसं पायी फिरतात. त्यातला डीजेचा आवाज मला सोसत नाही, तो भाग वेगळा. पण शहर कोलमडत नाही, हे दरवर्षी सिद्ध होतं. २०२१ पासून महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते आणि लक्ष्मी रोडचा काही भाग त्या दिवशी वाहनांना बंद ठेवते. रांगोळ्या असतात, खेळ असतात, फोटो छान येतात. दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. वर्षातला एक दिवस आपण कुणाला देतो? ज्यांना उरलेले दिवस द्यायचे नसतात त्यांना.

*

जंगली महाराज रस्त्याची गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल. सत्तरच्या दशकात तो बांधला, कंत्राटदाराने दहा वर्षांची लेखी हमी दिली, आणि पुढे कितीतरी वर्षं त्यावर खड्डा पडला नाही. प्रत्येक पावसाळ्यात ही गोष्ट नव्याने फिरते. गोष्ट खरी आहे आणि अभिमान वाटावा अशी आहे. पण पुण्याच्या सगळ्यात लाडक्या रस्त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट कुणाची आहे, ते बघा. टायरची आहे. खड्डा पडला नाही याचं सुख चाकाला. चालणाऱ्याची दंतकथा या शहरात एकही नाही.

हे म्हणताना प्रामाणिकपणे सांगायला हवं की याच जे. एम. रोडवर अलीकडच्या वर्षांत चालणाऱ्यांसाठी खरोखर चांगलं काम झालं. फुटपाथ रुंद केले, बसायला बाक ठेवले, मुलांना खेळायला जागा केली. संध्याकाळी तिथे म्हातारी माणसं बसलेली दिसतात, कॉलेजची मुलं रील काढत असतात, कुणी नुसतंच बसलेलं असतं. काहीही विकत न घेता बसायला मिळणं ही आता शहरात चैन झालीय, आणि ती इथे फुकट मिळते.

पण ओलांडायला गेलात की कळतं. जे. एम. रोड आणि फर्ग्युसन रोड, दोन्ही एकेरी. रस्ता एकेरी केला की समोरून कुणी येत नाही, म्हणून गाडीवाला निर्धास्त होतो आणि वेग वाढवतो. बाजीराव रोड आणि शिवाजी रोडचीही तीच तऱ्हा. वाहतूक ‘सुरळीत’ होते. मात्र जिथे दोन्ही बाजूंच्या गाड्या एकमेकींना हळू करायच्या, तिथे आता तीन-चार गाड्यांची रांगच्या रांग एकाच दिशेने अंगावर येते. मी फर्ग्युसन रोडवर सिग्नलपासून लांब उभं राहून मोजलं. ओलांडायला मला नऊ सेकंद लागले. ओलांडायची संधी मिळायला पावणेतीन मिनिटं. आई सोबत असती तर ती संधी आलीच नसती.

म्हणजे नुसता फुटपाथ पुरत नाही. सुंदर फुटपाथ आणि न ओलांडता येणारा रस्ता म्हणजे नदीकाठचा घाट. बसायला छान, पण पलीकडचं गाव तुमचं नाही.

*

सातारा रोडवर तर आपण एक मोठा प्रयोग करून बसलोय. २००६ च्या डिसेंबरमध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर देशातला पहिला बीआरटी सुरू झाला. बससाठी रस्त्याच्या मधोमध वेगळी मार्गिका. कल्पना अगदी बरोबर होती आणि मी आजही तिच्या बाजूने आहे. एका बसमध्ये पन्नास-साठ माणसं असतात, त्यांना चार मोटारींच्या मागे का अडकवायचं?

पण मधोमध बस म्हणजे मधोमध थांबा. आणि मधोमध थांबा म्हणजे प्रत्येक प्रवाशाने बसमध्ये चढण्याआधी अर्धा रस्ता ओलांडायचा, उतरल्यावर पुन्हा अर्धा. बसचा प्रत्येक प्रवासी दोनदा पादचारी असतो: एकदा चढण्याआधी, एकदा उतरल्यावर. बीआरटीत हे दोन्ही वेळचं चालणं भर वाहतुकीतून. त्या ओलांडण्याची सोय आधी पक्की करायला हवी होती. ती कायम मागाहून आठवणारी गोष्ट राहिली. मग बससाठी पळणारी माणसं, मार्गिकेत घुसणाऱ्या दुचाकी, अपघात. आणि शेवटी निष्कर्ष काय, तर ‘पुण्यात बीआरटी चालत नाही.’ नगर रोडवर येरवड्याच्या पुढचा काही भाग तर काढूनच टाकला. बीआरटी उभी फसली असं सगळे म्हणतात. माझ्या मते ती आडवी फसली.

*

उड्डाणपुलांबद्दल बोलायला गेलं की लोक चिडतात, म्हणून नुसतं घडलेलं सांगते.

गणेशखिंड रस्त्यावर विद्यापीठ चौकात उड्डाणपूल होता. कोंडी सुटावी म्हणून बांधलेला. पंधरा वर्षंही झाली नव्हती, आणि २०२० मध्ये, लॉकडाउनच्या दिवसांत, मेट्रोच्या आड येतो म्हणून तो पाडला. त्या जागी दुमजली पुलाचं काम सुरू झालं.

चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकं लावून पाडला. आम्ही सगळ्यांनी जागून टीव्हीवर बघितलं, मीसुद्धा. पुढच्या ऑगस्टमध्ये नवा पूल, नवे रस्ते, वळसे, सगळं थाटात खुलं झालं. आणि मग लक्षात आलं की बस पकडायला, बसमधून उतरून कोथरूड-बावधनकडे यायला माणसं हाच चौक पायी ओलांडतात. महामार्गावर पिशव्या, लहान मुलं घेऊन धावणारी माणसं दिसायला लागली, तेव्हा पादचारी पुलाची चर्चा झाली. इतका मोठा चौक कागदावर आखला गेला, तेव्हा त्या कागदावर एकही माणूस चालत नव्हता.

सिंहगड रोडवर राजाराम पुलाजवळचा उड्डाणपूल २०२४ मध्ये खुला झाला. पुढच्या टप्प्यातले पूलही मागोमाग आले. धायरीहून येणाऱ्यांची पाच-दहा मिनिटं वाचत असतील. ती मिनिटं खोटी नाहीत, दिवसभर दमलेल्या माणसाला ती हवीच असतात. पण पूल कुठेतरी खाली उतरतो. आणि जिथे तो उतरतो तिथे वेगाची सवय लागलेल्या गाड्या अचानक माणसांच्या रस्त्यावर येतात. वरून मिनिटं वाचतात, खाली कुणीतरी ती भरतं. माझ्या घरात ती दर गुरुवारी भरली जातात.

*

मला मुठेचं एक कौतुक वाटतं. या शहराने तिच्यावर किती पूल बांधलेत. लकडी पूल, नवा पूल, डेक्कनचा भिडे पूल, जो खडकवासल्यातून पाणी सोडलं की बुडतो आणि पाणी उतरलं की पुन्हा सुरू होतो. झेड ब्रिज, जिथे तुमच्यापैकी निम्म्यांनी कुणाची तरी वाट बघितली असेल. नदी अडचण आहे, दोन्ही काठांवर आपलीच माणसं राहतात, ती एकमेकांपासून तुटता कामा नयेत, एवढी अक्कल आपल्या आधीच्यांना होती.

मग आपण स्वतःच्या हाताने नवीन नद्या खोदल्या. सिंहगड रोड, सातारा रोड, नगर रोड, कर्वे रोडचा बराचसा भाग. या नद्यांना पूर कायमचा, आणि त्यांवर पूल बांधायचे ते पाण्यासाठी, माणसांसाठी नव्हे.

आता नेहमीचे आक्षेप घेते.

पहिला: ‘भुयारी मार्ग करा, पादचारी पूल करा.’ वरवर समजूतदार वाटतं. पण यात गाडी सपाट जाणार, आणि सत्तरीची बाई चाळीस पायऱ्या चढून चाळीस उतरणार. इंजिन गाडीला आहे, गुडघे आईला. चढ कुणी चढायला हवा? रात्री नवानंतर एकट्या मुलीने भुयारी मार्गातून जावं असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी स्वतःच्या मुलीला पाठवावं. महामार्गावर दुसरा इलाज नसेल तिथे पूल करा, त्याला चालू राहणारी लिफ्ट द्या. पण शहराच्या रस्त्यावर ओलांडायची जागा जमिनीवरच हवी.

दुसरा: ‘लोकांना शिस्तच नाही, कुठूनही घुसतात.’ बरोबर, घुसतात. कारण जिथून घुसायला नको असतं अशी जागा त्यांना मिळत नाही. घराच्या समोर जायला वीस मिनिटांचा वळसा घालणारी शिस्त गाडीवाल्यांकडून कुणी मागितली आहे का? आपल्याकडे एक किलोमीटर पुढे जाऊन यू-टर्न घ्यायला लागू नये म्हणून माणसं राँग साइडने येतात. पेट्रोलवर वळसा जिवावर येतो, मग पायी माणसाला का येऊ नये?

तिसरा: ‘फुटपाथ फेरीवाल्यांनी खाल्ले.’ काही ठिकाणी खाल्ले, हे मान्य. व्हीलचेअर जाणार नाही इतकी जागा अडवणं चूकच. त्यासाठी २०१४ चा कायदा आहे, जागा आखून द्या. पण मी मोजत फिरले तेव्हा फुटपाथवर वडापावच्या गाडीपेक्षा लावलेल्या दुचाकी कितीतरी जास्त दिसल्या. त्यात फर्ग्युसन रोडवर एक माझी होती. होय, माझीच. ‘दोनच मिनिटं’ म्हणून लावलेली, चाळीस मिनिटं उभी. या लेखात मी ज्यांच्यावर बोट दाखवतेय त्यांत मी आहे, आणि बहुधा तुम्हीही आहात.

चौथा, सगळ्यात मोठा: ‘मग गाड्यांनी जायचं कुठे? अँब्युलन्सने काय करायचं?’ अँब्युलन्स अडते ती झेब्रा क्रॉसिंगवरच्या म्हातारीमुळे नाही, मोटारींमुळे अडते. आणि गाड्यांनी जायचंच आहे, फक्त थोडं हळू आणि मधे मधे थांबत. थांबणं म्हणजे अपमान नव्हे, हे आपण एकदा मान्य केलं की बरेच प्रश्न सुटतात.

*

हे सगळं भावनेचं वाटत असेल तर थोडे आकडे.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे जवळजवळ दर पाचातला एक, आणि रोज सुमारे नव्वद. यातला कुणीही कुठे वेगाने चालला नव्हता.

आता सिग्नलचं गणित. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, असं धरून ओलांडण्याचा वेळ काढण्याची पद्धत आहे. तीस मीटर रुंद रस्ता असेल तर पंचवीस सेकंद. माझी आई सेकंदाला पाऊण मीटर चालते. तिला चाळीस सेकंद लागतात. फरक पंधरा सेकंदांचा. सिग्नल पंचविसाव्या सेकंदाला बदलला तर ती दुभाजकाच्या थोडी पुढे, भर रस्त्यात असते. त्या पंधरा सेकंदांसाठी माझ्या आईचं भजन बंद झालं. तुम्ही सिग्नलला उभे असताना पंधरा सेकंदांत एक रीलसुद्धा धड बघून होत नाही.

आणि असंही नाही की कुणाला काही ठाऊक नाही. फुटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं, असं करणारी शहरं देशात मोजकी आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्यायोग्य फुटपाथ मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. कागद पूर्ण आहेत. रस्ता अपुरा आहे.

मागायचं काय, तेही अवघड नाही. बसथांब्यापाशी ओलांडायची जागा, आणि ती फुटपाथच्या उंचीला उचललेली, म्हणजे चढ-उतार गाडीला करावा लागेल. दुभाजकात काठी घेऊन उभं राहता येईल इतका रुंद थारा. सिग्नलचा वेळ सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पावलांवर ठरवलेला. आणि नवीन पूल, नवीन रस्ता आखताना पहिला प्रश्न: ‘इथले लोक पलीकडे कसे जाणार?’ त्याचं उत्तर नसेल तर नकाशा परत पाठवा. हे सगळं मिळून एका उड्डाणपुलाच्या खर्चात किती ठिकाणी होईल, हे तुमच्या वॉर्डात मतं मागायला येणाऱ्याला विचारा.

*

मध्यंतरी मी आईला म्हटलं, आपण रिक्षाने जाऊ. रिक्षावाल्याने मीटर टाकला, सरळ पुढे गेला, वळसा घातला आणि उलट्या दिशेने परत येऊन मंदिराच्या गल्लीशी सोडलं. समोर आमची इमारत दिसत होती. तिसऱ्या मजल्यावर आमची वाळत घातलेली चादरसुद्धा दिसत होती. आई उतरली, पैसे देताना तिने एकदा चादरीकडे बघितलं आणि म्हणाली, "समोरच्या घरातून रिक्षाने आले असं बायकांना सांगू नकोस हं. हसतील."

बायका हसल्या नाहीत. कारण आत गेल्यावर कळलं की आमच्या बाजूच्या आणखी दोघींनी येणं बंद केलंय. त्यांचेही गुडघे दुखतात.

तुमच्या घरासमोरचा रस्ता आज संध्याकाळी मोजा. कडेला उभं राहा, स्टॉपवॉच सुरू करा, पलीकडे पोचलात की थांबवा. मग तुमच्या घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला सोबत घ्या आणि पुन्हा मोजा. पुढच्या वेळी कुणी ‘किती वेळ लागला?’ विचारलं, तर तो दुसरा आकडा सांगा.